सँडबॉक्स, हनीपॉट आणि मधली तिरकी रेघ

तिरक्या रेघेवर कुणाचा राग असू शकतो का? माझा आहे. दोन शब्दांच्या मध्ये '/' अशी जी रेघ मारतात, ती. 'श्री/श्रीमती', 'हो/नाही'. सरकारी फॉर्मात ती ठीक असते, कारण एक खोडायचं आणि दुसरं ठेवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कॉम्प्युटर सुरक्षेचा माल विकणारे लोक ती वेगळ्याच अर्थानं वापरतात. त्यांच्या लेखी तिचा अर्थ 'दोन्ही एकच, तुम्ही डोकं शिणवू नका' असा असतो.

दोनेक वर्षांपूर्वी अशी एक रेघ मी भिंतीवर पाहिली. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था आहे. तिथले कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी वगैरे मी सांभाळतो. नोकरीत नाही, बोलावलं की जातो. संचालक मंडळाच्या बैठकीत टाय लावलेला एक मुलगा प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवत होता. सातवी की आठवी स्लाइड अशी : 'सँडबॉक्स / हनीपॉट – संपूर्ण संरक्षण'. संचालकांमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे दोन्ही एकच का हो?" मुलगा म्हणाला, "हो सर, कन्सेप्ट सेमच आहे. व्हायरस आला की त्यात अडकतो."

मी खोलीत होतो. चहा पीत होतो. आणि मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, बैठक आधीच दीड तास लांबलीय, कशाला मास्तरकी करा. आजचा हा सगळा त्रागा त्या न बोलण्यातून आलेला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

तर पुढे झालं असं. ठराव झाला, चेक निघाला, डबा आला, नारळ फुटला. व्यवस्थापकांनी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला : 'आपल्या संस्थेत सँडबॉक्स बसवण्यात आला आहे. संशयास्पद फाइल थेट उघडू नये, सँडबॉक्समध्येच उघडावी.' माणूस प्रामाणिक. माहितीपत्रकात सँडबॉक्सबद्दल जे छापलं होतं तेच त्यांनी सोप्या मराठीत लिहिलं. अडचण इतकीच होती की डब्यात सँडबॉक्स नव्हताच. होता तो हनीपॉट. नेटवर्कवर 'कर्जखाती गोपनीय' अशा मोहात पाडणाऱ्या नावाचं फोल्डर दाखवणारा एक खोटा सर्व्हर.

काउंटरवर एक ताई आहेत. सगळे त्यांना ताईच म्हणतात, मीही म्हणतो. बावीस वर्षांची नोकरी, रोकड कधी एक रुपयानं कमी भरली नाही. एके दिवशी त्यांना 'थकीत टीडीएसबाबत अंतिम सूचना' अशी मेल आली, सोबत एक फाइल. त्यांना शंका आली. (तुम्हाला-मला आली असती का? खरं सांगा.) त्यांनी व्यवस्थापकांना विचारलं, सँडबॉक्स कुठे आहे? ते म्हणाले, नेटवर्कमध्ये नवीन सर्व्हर दिसतोय ना, तोच. ताईंनी फाइल तिथे नेऊन ठेवली आणि तिथून उघडली. सांगितलं होतं तसंच, अक्षरशः.

आता दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, सर्व्हरवरच्या फोल्डरमधली फाइल डबल क्लिक केली की ती सर्व्हरवर चालत नाही, आपल्या समोरच्याच कॉम्प्युटरवर चालते. त्यामुळे त्यात जे काही होतं ते ताईंच्याच मशीनवर सुटलं. त्यांच्या लॉगिनला फारसे अधिकार नव्हते आणि आदल्या रात्रीचा बॅकअप शाबूत होता, म्हणून दोन दिवसांच्या निस्तरण्यावर भागलं. दुसरी गोष्ट, हनीपॉटनं आपलं काम चोख केलं. कुणी, कोणत्या मशीनवरून, किती वाजता हात लावला याची नोंद केली. सोमवारच्या अहवालात लाल अक्षरात आलं, 'अंतर्गत धोका : उच्च'. आणि गुरुवारी ताईंना कारणे दाखवा नोटीस. 'प्रतिबंधित सर्व्हरवर अनधिकृत प्रवेश केल्याचे निदर्शनास आले आहे, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

आता बोला! ज्या बाईनं आज्ञा पाळली, तीच गुन्हेगार ठरली. आणि तिला गुन्हेगार ठरवलं ते कुठल्या हॅकरनं नाही, त्या तिरक्या रेघेनं.

*

म्हणून आता ती मास्तरकी करतो, जी तेव्हा करायला हवी होती.

घरातला नळ गळतोय म्हणून प्लंबर बोलावला. माणूस अनोळखी. तो चोर आहे असं आपण मानत नाही, पण त्याला देवघरातून आणि कपाटाच्या खोलीतून फिरवतही नाही. मागच्या दारानं मोरीत नेतो, बाकीच्या खोल्यांना कड्या घालतो. त्याच्या पान्याचा घाव चुकून जोरात बसला तर मोरीतली फरशी फुटेल, देवघरातली समई शाबूत राहील. हा सँडबॉक्स. यात काम खरं आहे, आपल्या गरजेचं आहे. मर्यादा उघड आहे, प्लंबरलाही ती दिसते आणि त्यात त्याचा अपमान नाही. आणि मुख्य म्हणजे आपण दुपारी लवंडलो असलो तरी कडी आपलं काम करत राहते.

आता दुसरं दृश्य. गल्लीत चोऱ्या होताहेत. घरात एक रिकामी खोली आहे. तिच्यात जुनं लोखंडी कपाट ठेवलं, कपाटात खोट्या दागिन्यांचा डबा, दाराला नावापुरतं कुलूप. आणि दारामागे एक घंटा, जिची दोरी आपल्या उशाशी. त्या खोलीत घरातल्या कुणाचंच काही काम नाही, म्हणूनच घंटा वाजली की कुणीतरी नको तिथे शिरलंय हे समजतं. हा हनीपॉट. यात काम खोटं आहे. खोटेपणा लपलेला राहिला तरच उपयोग. आणि आपण घंटा ऐकली नाही तर चोराला खोलीभर फिरून यायची सोय आपणच केली, एवढाच त्याचा अर्थ.

एक मोजमाप करून बघा. सँडबॉक्समध्ये दिवसभर हालचाल असणं हे ठीक चालल्याचं लक्षण. हनीपॉटमध्ये एक टाचणी हलली तरी ती वाईट बातमी. सँडबॉक्सवाला म्हणतो, 'ये, पण इथवरच.' हनीपॉटवाला काहीच म्हणत नाही, दार किलकिलं ठेवून गप्प बसतो. पहिला नियम आहे, दुसरी बतावणी आहे. नियम आणि बतावणी यांच्यामध्ये तिरकी रेघ मारणाऱ्याला धंदा कळत असेल, पण त्याला सुरक्षा कळते असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे पेपरात दर आठवड्याला बातमी असते, लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सापळा रचून अमुकतमुकाला रंगेहाथ पकडलं. नोटांना पावडर लावलेली असते, पंच बाहेर दबा धरून असतात. त्या नोटा लाच थांबवत नाहीत. त्या पुरावा देतात. पंच चहाला गेले तर त्या नुसत्याच नोटा, आणि त्या घेऊन साहेब घरी. हनीपॉटचं नेमकं हेच आहे. आणि कडीचं तसं नाही.

*

हे भेद मी काल झोपेत शोधून काढलेले नाहीत. दोन्ही कल्पनांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि तो पाहिला तरी पुरे.

सँडबॉक्सचं घराणं अडवणाऱ्यांचं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची सोय आली. एखाद्या प्रोग्रामला एका फोल्डरलाच अख्खं जग समजायला लावायचं. ती काही सुरक्षेसाठी म्हणून केलेली पक्की भिंत नव्हती, पण कल्पना रुजली. १९९३ मध्ये बर्कलीच्या वाहबे, लुको, अँडरसन आणि ग्रॅहम या चौघांनी निबंध लिहिला, त्यात परक्या कोडला त्याच्या ठरलेल्या जागेबाहेर लिहिता किंवा उडी मारता येणार नाही असं त्या कोडमध्येच फेरफार करून कसं करायचं ते दाखवलं, आणि त्याला 'सँडबॉक्सिंग' म्हटलं. मग जावाची ॲपलेट आली. २००० मध्ये फ्रीबीएसडीचं 'जेल' आलं. २००८ मध्ये गुगलनं क्रोम काढला, त्यात वेबपान उलगडून दाखवणारा भागच अधिकार काढून घेतलेल्या कोठडीत ठेवला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲपला आतल्या आत वेगळा वापरकर्ता म्हणून वागवतात, एकाला दुसऱ्याचं कपाट उघडता येत नाही. ॲप 'कॉन्टॅक्ट पाहू का?' असं विचारतं ना, ती त्या कडीचीच किणकिण. आपण न वाचता 'हो' म्हणतो हा भाग वेगळा.

यातल्या एकाही ठिकाणी कुणाला फसवायचं नाही. क्रोम वेबपानाला आमिष दाखवत नाही.

हनीपॉटचं घराणं पाहणाऱ्यांचं. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ ती शोधायला बसला आणि निघाला एक घुसखोर. त्याचा फोनमार्ग शोधायचा तर तो लाइनवर बराच वेळ रेंगाळायला हवा. म्हणून स्टॉलनं क्षेपणास्त्र संरक्षणाच्या योजनेबद्दलची खोटीच कागदपत्रं रचून ठेवली, भरपूर आणि कंटाळवाणी, सरकारी असतात तशी. पलीकडचा माणूस ती उतरवून घेत बसला आणि माग थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. त्याचं नाव मार्कुस हेस, आणि माल जात होता सोव्हिएत केजीबीकडे. गंमत म्हणजे त्या खोट्या प्रकल्पाच्या पत्त्यावर आणखी माहिती मागणारं खरंखुरं पत्र पिट्सबर्गहून आलं! आमिष किती दूरवर गेलं ते त्या पत्रानं सांगितलं. यात स्टॉलनं काय अडवलं? काहीच नाही. त्यानं कळवून घेतलं. आणि दिवसरात्र पाहत बसला म्हणून कळलं.

दुसरी गोष्ट बिल चेस्विकची. ७ जानेवारी १९९१ ला बेल लॅब्जच्या दारावरच्या मशीनवर कुणीतरी मेलच्या प्रोग्राममधलं एक प्रसिद्ध भोक वापरून पासवर्डची फाइल मागितली. चेस्विकनं त्याला एक बनावट फाइल पाठवून दिली. मग काही दिवस तो पाहुणा जे हुकूम सोडेल त्यांची उत्तरं चेस्विक स्वतःच्या हातानं, मशीन फार मंद आहे असं भासवत देत होता. पाहुण्यानं सगळ्या फाइली पुसून टाकायचा हुकूमही दिला, तोसुद्धा चेस्विकला कसाबसा निभवावा लागला. शेवटी हातानं नाटक करणं झेपेना, तेव्हा त्यानं त्याच 'सीएचरूट'च्या मदतीनं एक 'जेल' बांधलं आणि पाहुण्याला त्यात खेळू दिलं.

इथे चतुर वाचक म्हणेल, "सापडलात की! चेस्विकनं दोन्ही एकत्रच वापरलं ना? मग रेघ चुकीची कशी?"

*

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण विकणारे लोकही शेवटी हाच पुढे करतात आणि त्यात तथ्य आहे.

हो, चांगल्या हनीपॉटला खाली सँडबॉक्स लागतो. घुसखोराला खरं मशीन खेळायला दिलं की तो त्याच मशीनवरून शेजाऱ्यावर दगड मारणार. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'हनीनेट प्रोजेक्ट'च्या लोकांना हे लवकरच उमगलं. म्हणून त्यांनी हनीपॉटमधून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर मर्यादा घालणारी एक वेगळी भिंतच उभारली. नीट बघा, वेगळी. आमिष एका जागी, भिंत दुसऱ्या जागी, दोन्हींची तपासणी स्वतंत्र. त्या दोन गोष्टी एकच असत्या तर दुसरी बांधायची गरजच काय होती?

उलट बाजूनंही सरमिसळ आहे. संशयित फाइल आभासी मशीनमध्ये उघडून ती काय चाळे करते ते पाहायचं, यालाही 'सँडबॉक्स' म्हणतात. असा एक फार वापरला गेलेला प्रोग्राम म्हणजे 'कुकू सँडबॉक्स'. तो २०१० मध्ये गुगलच्या उन्हाळी उपक्रमात याच हनीनेट प्रोजेक्टच्या अंगणात जन्मला. या प्रकारात मात्र बतावणी असते. आतल्या व्हायरसला आपण खऱ्या ऑफिसातल्या खऱ्या कॉम्प्युटरवर आहोत असं वाटायला हवं, नाहीतर तो साळसूद बनून बसतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभर धुमाकूळ घातला, आठवतंय? तो आधी एका अगम्य नावाच्या, कुणीही न नोंदवलेल्या पत्त्यावर हाक मारायचा, आणि उत्तर आलं तर गप्प बसायचा. याचं सर्वसाधारणपणे मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की बऱ्याच तपासणी-सँडबॉक्समध्ये कुठल्याही पत्त्याला खोटं उत्तर देण्याची सोय असते. खोट्या पत्त्यावरून 'ओ' आली म्हणजे आपण पिंजऱ्यात आहोत हे व्हायरसनं ओळखायचं. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणानं तो पत्ता थोड्याशा पैशांत नोंदवून टाकला आणि नवं मशीन धरलं की व्हायरस स्वतःला पिंजऱ्यात समजून मुकाट बसू लागला.

म्हणजे भिंत आणि बतावणी एका छपराखाली नांदू शकतात. मान्य. एका घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्ही असतं. दोन्हीकडे पाणी आणि नळ असतो. म्हणून कुणी 'स्वयंपाकघर/न्हाणीघर' अशी पाटी लावून पाहुण्याला आत सोडत नाही.

एकत्र नांदतात म्हणूनच तर नावं वेगळी हवीत. कारण दोन्ही मोडतात वेगवेगळ्या तऱ्हेनं. सँडबॉक्स मोडतो तो आतलं बाहेर आल्यावर. मार्च २०१२ मध्ये 'पॉन टू ओन' स्पर्धेत फ्रेंच मंडळींनी क्रोमचा सँडबॉक्स फोडून दाखवला, त्यावर उपाय म्हणजे भोक बुजवणं. हनीपॉट मोडतो तो ओळखला गेल्यावर, किंवा त्याच्या आडून दुसरीकडे हल्ला झाल्यावर, किंवा (आपल्याकडे हेच जास्त) त्याचा अहवाल कुणी वाचलाच नाही तेव्हा. त्याला भोकं बुजवून काय उपयोग? भोक असणं हीच तर त्याची नोकरी. ज्याला आपल्याजवळ काय आहे हेच माहीत नाही, त्याला ते मोडलंय हे कळणार कसं?

*

आता त्या टायवाल्या मुलाच्या बाजूचं एक बोलतो. त्याच्या हातात रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत होती. २ जून २०१६ चं, सायबर सुरक्षा चौकटीबद्दलचं. ते व्यापारी बँकांसाठी होतं, पतसंस्थेला त्याचा काही संबंध नव्हता, पण रिझर्व्ह बँकेचं नाव निघालं की बैठकीत सगळे ताठ बसतात. त्या परिपत्रकाच्या एका जोडपत्रात हनीपॉटचा उल्लेख आहे हे खरं. पण तो कुठे आहे? सतत पाळत ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्राच्या वर्णनात. म्हणजे घंटेची दोरी जिथे माणसाच्या हातात आहे, तिथे. आमच्या पतसंस्थेत ती दोरी कुणाच्या हातात होती? सोमवारी आपोआप छापल्या जाणाऱ्या अहवालाच्या.

आणि त्याच रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ मध्ये 'रेग्युलेटरी सँडबॉक्स'ची चौकट जाहीर केली. नव्या आर्थिक सेवा काढणाऱ्यांनी मोजक्या ग्राहकांवर, ठरलेल्या मुदतीत, नियम थोडे सैल करून प्रयोग करून पाहायचे. शब्द अगदी योग्य वापरलाय. कडी घातलेली मोरी आहे, प्रयोग खरा आहे, मर्यादा लेखी आहे. आता गंमत म्हणून कल्पना करा की त्यांनी त्याचं नाव 'रेग्युलेटरी हनीपॉट' ठेवलं असतं. 'या, नियम मोडून पाहा', आणि पहिला अर्ज आला की दारात पोलीस! एक तरी अर्ज आला असता का? फरक कळायला एवढं पुरे आहे. कन्सेप्ट सेम असता तर नावाची अदलाबदल करून काही बिघडलं नसतं.

आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. हा तंत्राचा फरक नाही फक्त, हा माणसांशी केलेल्या कराराचा फरक आहे. सँडबॉक्स म्हणजे शब्द दिलेला असतो : इथे चूक केलीस तरी चालेल. हनीपॉटमध्ये पाऊल हाच संशय. पहिल्या नावाखाली माणसाला बोलवायचं आणि दुसऱ्या नावाखाली पकडायचं, याला मराठीत सरळ विश्वासघात म्हणतात. मुद्दाम केला नाही, अज्ञानानं झाला, हे मला ठाऊक आहे. नोटीस मिळालेल्या माणसाला त्यानं काय फरक पडतो?

आपल्या भाषेला ही गोष्ट आधीपासून कळते. मधाचं बोट लावणं म्हणजे काय ते आजीला विचारा. वाळूत खेळणाऱ्या पोराला आपण मधाचं बोट लावत नाही, आणि मधाचं बोट लावणाऱ्यापासून पोराला दूर ठेवतो. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले की आपण ते पाठ करतो, चाखून बघत नाही. तिथे घोटाळा होतो.

"एवढं काय त्यात, शब्दांचा खेळ," असं म्हणणारे असतात. त्यांना मी विचारतो, डॉक्टर 'लस/औषध, कन्सेप्ट सेमच' म्हणाला तर चालेल का? वकील 'साक्षीदार/आरोपी' म्हणाला तर? ताईंच्या बाबतीत तर अक्षरशः तेच झालं. धोका ओळखणारी साक्षीदार आरोपीच्या रकान्यात गेली.

*

तुमच्या ऑफिसात, बँकेत, शाळेत, सोसायटीत असा डबा विकायला कुणी आला तर तीन प्रश्न विचारा. इंजिनिअर असायची गरज नाही.

एक : आमची माणसं यात रोजचं काम करणार आहेत की नाहीत? करणार असतील तर तो सँडबॉक्स, आणि त्यांना हे सांगायला हवं. करणार नसतील तर हनीपॉट, आणि तिथे चुकून कुणी गेलं तर आधी विचारपूस, मग कागद, असं लिहून घ्या.

दोन : आम्ही सगळे दिवाळीला गावी गेलो, कुणीच पाहत नाहीये, तरी हा डबा काही उपयोगाचा आहे का? 'हो' म्हणाला तर अडवतं काय ते दाखवायला सांगा. 'नाही' म्हणाला तर पाहणाऱ्या माणसाचा पगार किमतीत धरा.

तीन : आत शिरलेला बाहेर पडला तर कुठे पोचेल? याचं उत्तर फळ्यावर चित्र काढून देता येत नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

आणि चौथा प्रश्न माझ्यासारख्यांना. स्लाइडवर चुकीचं दिसलं आणि तुम्ही खोलीत आहात, तर चहा खाली ठेवाल का?

ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो. मी व्यवस्थापकांना आणि मुख्याध्यापकांना सगळं समजावलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं की हो." मला मान वर करता आली नाही. नोटीस तोंडी मागे घेतली गेली. लेखी काही मिळालं नाही, तो कागद त्यांच्या फाइलला अजून असेल. डबा मी नेटवर्कवरून काढून ठेवला. आता संशयित फाइली उघडायला एक जुनं मशीन वेगळं काढलंय, ते नेटवर्कला जोडलेलं नाही, आणि काही झालं की पुसून पुन्हा भरतो. साधं आहे, पण नावाप्रमाणे आहे.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा ताईंना सहज विचारलं, हल्ली तसल्या मेल येतात का? म्हणाल्या, "येतात की. मी पुसून टाकते आणि कुणाला सांगत नाही."

ही त्या पतसंस्थेची सगळ्यात मोठी हानी आहे, आणि ती कुठल्याच अहवालात लाल अक्षरात येणार नाही. शंका आल्यावर थांबणारी, विचारणारी, सांगणारी एक बाई त्यांच्याकडे होती. तिच्याइतका चांगला धोक्याचा इशारा देणारा डबा बाजारात मिळत नाही. ती आता गप्प झाली आहे.

असो. पुढच्या बैठकीला मला बोलावलंय. कुणीतरी नवीन काहीतरी दाखवायला येणार आहे म्हणे. या वेळी चहा नंतर घेईन.